पडदा काळा, नाद खुळा

ऐकलंत का? कळंब्यातली चांगली चांगली माणसं वाया चालली आहेत. दारूनं नव्हे, मटक्यानं नव्हे, मोबाइलवरच्या रमीनंही नव्हे. ग्रंथसूचीनं! हसताय काय? रात्री जेवणं आटोपली की घरातला कर्ता पुरुष मांडीवर लॅपटॉप घेतो, दिवा मालवतो आणि काळ्याकुट्ट पडद्यावर पांढरी अक्षरं बडवत बसतो. चित्र नाही, बटण नाही, माउसचा बाणही नाही. नुसता एक लुकलुकणारा चौकोन. बायको दारातून डोकावते आणि तिच्या पोटात गोळा येतो. कुणाच्या बँक खात्यावर डल्ला मारतोय की काय हा बाबा? भीत भीत विचारावं, तर उत्तर काय यावं? "वरच्या फळीवर 'ययाति' हाय बघ, त्याची आवृत्ती कितवी तेवढं सांग की."

आता यावर माणसानं काय बोलावं?

आजवर कळंबा म्हटलं की कोल्हापूरकराला दोनच गोष्टी आठवायच्या, तलाव आणि जेल. संध्याकाळी तलावावर वारं खावं आणि येताना जेलची भिंत दाखवून पोरांना दम द्यावा, इतकं साधं आपलं जगणं. आता आयटीआयपासून पार गावापर्यंत जो तो एकच विचारतोय, "नोंदी किती झाल्या?" पोराला टक्के किती, पावण्याला पगार किती, उसाला दर किती, हे सगळे प्रश्न मागं पडले. उसाला दर किती, हा प्रश्न मागं पडला! कोल्हापुरात! कलियुग म्हणतात ते हेच ना?

बरं, हे खूळ आहे तरी काय? त्याचं नाव रेकयुटिल्स. ग्नू प्रकल्पातलं फुकट मिळणारं अवजार, होसे मार्चेसी नावाच्या स्पॅनिश गृहस्थानं घडवलेलं. फुकट म्हटल्यावर आपली माणसं आधी बिचकली. "फुकट म्हंजे कायतरी गोम असणार." पण गोम सापडेना. करायचं एवढंच, की एक साधी मजकुराची फाइल घ्यायची आणि एका ओळीत एकच गोष्ट लिहायची. आधी खान्याचं नाव, मग दोन टिंबं, मग माहिती. लेखकाची एक ओळ, शीर्षकाची एक, प्रकाशकाची एक, वर्षाची एक. पुस्तक संपलं की एक ओळ मोकळी सोडायची आणि पुढचं पुस्तक घ्यायचं. झाली सूची! 'रेकइन्स' म्हटलं की नोंद आत जाते, 'रेकसेल' म्हटलं की हवी ती बाहेर येते, 'रेकडेल' म्हटलं की नाहीशी होते. आणि 'रेकफिक्स' हा तपासनीस. हे राहिलं, ते चुकलं, अमुक खाना रिकामा का, अशी त्याची भुणभुण.

एवढ्यासाठी रात्री जागवायच्या? एक्सेल काय मेलं होतं काय? असं आपण विचारलं आणि विचारून पस्तावलो. नव्यानं माळ घातलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणतात ते उगाच नाही. "एक्सेल? तेरा आकडी आयएसबीएन घातला की त्याचं ९.७८ई+१२ करून दाखवतंय. आकड्याच्या पुढचं शून्य गिळतंय. दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं असंल तर दुसऱ्याला बसवायचं कुठं? आमच्यात लेखकाची ओळ दोनदा लिहायची, विषय संपला." शिवाय ही फाइल नातवंडांच्या काळातही उघडेल, ही फुशारकी वेगळीच. यात तथ्य आहे, हे चडफडत का होईना मान्य करावं लागतं. युनिकोडच्या आधीच्या फाँटात ज्यांनी हौसेनं याद्या टाइप केल्या त्यांना विचारा. फाँट गेला आणि लेखकाच्या जागी कंस, टक्के, डॉलर आणि रोमन अक्षरांची झुंबड उरली. आयुष्याची पुंजी पडद्यावर अशी दात विचकताना बघितली की माणूस कुठल्याही बुवाच्या नादी लागतो. इथं बुवा स्पॅनिश निघाला, इतकंच.

पण या अवजाराचा खरा चावटपणा पुढंच आहे. काम फत्ते झालं तर ते एक शब्द बोलत नाही. चुकलात तरच तोंड उघडतं. युनिक्सच्या घराण्याची ही पहिल्यापासूनची रीत. आता सांगा, कोल्हापुरात हे चालायचं कसं? जिथं म्हशीनं लिटरभर दूध जादा दिलं तर गल्ली गोळा होते, जिथं नवी दुचाकी आली की चौकात फ्लेक्स लागतो, तिथं माणसानं सबंध 'मृत्युंजय' नोंदवायचं आणि पडद्यानं शाब्बास सोडा, साधं 'हूं'सुद्धा करायचं नाही? नवशिक्याला वाटतं, गेलंच नाही आत. परत तीच आज्ञा, परत एंटर. परत एंटर. परिणाम? एका घरात 'मृत्युंजय'च्या पाच प्रती निघाल्या. पाचही एकाच फळीवर, पाचही डावीकडून तिसऱ्या, पाचींच्या पुठ्ठ्याला एकच वाळवी. शिवाजी सावंत मूळचे आजऱ्याचे, कोल्हापुरात मास्तरकी केलेले. तेव्हा अभिमानापोटी पाच घेतल्या असतील, असं पाहुण्यांनी समजून घेतलं.

आणि मराठीचा हा अपमान आपण खपवून कसा घेतला? खान्याचं नाव या अवजाराला रोमन अक्षरांतच लागतं. आतली माहिती पोटभर मराठीत लिहा, पण खान्याला 'लेखक' असं नाव दिलंत की पडद्यावर शिव्या. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले, आणि इकडं आयुष्यभर मराठी शिकवलेले मास्तर निमूटपणे 'ऑथर' आणि 'टायटल' बडवतात? बरं, वर्षाच्या खान्यात फक्त पूर्णांक चालेल असा नियम लावला, तर १९५९ हा आकडा मराठीत लिहिलेला चालत नाही! इंग्रजी आकडाच पाहिजे. दुकानांच्या पाट्यांवरून भांडणारे आपण, इथं एका रेकफिक्सपुढं शेपूट घालतो? एकानं बायकोला सांगितलं म्हणे, "लई भांडून बघितलं, ऐकत न्हाई. तुझ्यासारखंच हाय." त्या रात्री तो सोप्यात झोपला.

खूळ एकच असतं तरी निभावलं असतं. पण कोल्हापूरच्या पाण्यात ईर्षा आहे. इथं दोन माणसं जमली की तीन तालमी निघतात. पाटाकडील आणि दिलबहार फुटबॉलला शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले की जे होतं ते आता कळंब्यात कट्ट्याकट्ट्यावर चाललंय. एका बाजूला रेकयुटिल्सवाले. दुसऱ्या बाजूला बिबटेकवाले, म्हणजे पीएच.डी.च्या फेऱ्यात सापडलेली, शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर खर्डेकर ग्रंथालयात बूड टेकून झिजलेली मंडळी. त्यांचं संदर्भसूचीचं अवजार १९८५ चं, ओरेन पटाश्निक यांनी लेझली लॅम्पोर्ट यांच्या लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीच्या जोडीला केलेलं. त्यात महिरपी कंस इतके, की एक उघडा राहिला तर प्रबंध अडकतो, आणि त्याचाच यांना कोण तोरा! तिसरे एसक्यूलाइटवाले. ते वाद घालत नाहीत, नुसते कीव केल्यासारखे बघतात, कारण २००० साली जन्मलेलं त्यांचं डेटाबेसचं अवजार तुमच्याआमच्या मोबाइलमध्ये न विचारता येऊन बसलंय.

बिबटेकवाल्यांची पहिल्यांदा जिरली ती क्रमवारीवरून. जुन्या बिबटेकला देवनागरीचा अकारविल्हे क्रम कशाशी खातात ते ठाऊक नाही. त्यासाठी 'बायबर' नावाचा दुसरा गडी बोलवावा लागतो. हे कळल्यावर रेकयुटिल्सवाले मिशीला पीळ देऊन हसले आणि लगोलग तोंडावर आपटले. त्यांची यादी साध्या 'सॉर्ट'मधून कच्च्या युनिकोड क्रमानं काढली, तर तिथं ळ बसलाय ल च्या मांडीला मांडी लावून. शाळेतल्या वर्णमालेत तो बिचारा ह च्याही मागं उभा. म्हणजे झालं काय? शाळेच्या क्रमानं 'कसबा बावडा' आधी आणि 'कळंबा' नंतर. काळ्या पडद्यावर कळंबा आधी आणि बावडा मागं! आता हा दोष आहे, असं कळंब्यातला कुठला माईचा लाल कबूल करेल? संगणकाला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अक्कल आली, असं एकमतानं ठरलं. बावड्यातून निरोप आला, 'लोकेल, म्हणजे भाषेचं सेटिंग, दुरुस्त करा.' कळंब्यातून उलट निरोप गेला, 'मशीन खोटं बोलत न्हाई.' हा वाद अजून मिटलेला नाही, मिटू नये अशीच सगळ्यांची इच्छा आहे.

यात भर निवृत्त ग्रंथपालांची. हे भोग त्यांनी आधीच भोगलेले. युनेस्कोनं वाटलेलं सीडीएस/आयसिस हे सूचीचं सॉफ्टवेअर त्यांनी डॉसच्या जमान्यात चालवलेलं, त्यामुळं तुमच्या काळ्या पडद्याचं त्यांना कौतुक नाही. ही माणसं एकमेकांशी आकड्यांत बोलतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात हेन्रिएट ॲव्हरम या बाईंनी 'मार्क' नावाचा साचा रचला. त्यात मुख्य लेखक म्हणजे १००, शीर्षक २४५, विषय ६५०, आणि सहलेखक, अनुवादक वगैरे जादा नावं ७०० ला. तर बाकावर बसून दोन आजोबा बोलत होते. "त्याच्या १०० ला कोण हाय?" "१०० मोकळंच हाय. ७०० ला मात्र दोघीजणी." शेजारच्या बाकावरच्या काकूंनी हे ऐकलं. दिवेलागणीपर्यंत एका सज्जन अनुवादकाच्या घरी काय महाभारत झालं, ते इथं छापण्याजोगं नाही.

नोंदी करणं हे तर काहीच नाही हो, खरी चटक नोंदी धुण्याची. 'सॉर्ट'च्या पुढं 'युनिक' जोडायचं, मोजणीची खूण लावायची, एंटर मारायचा. प्रकाशनस्थळांची यादी खळाळत येते आणि घरात रडारड सुरू. पुणे वेगळं, पुणें वेगळं, पूना वेगळं. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असली टिंबं पुसली, पण त्याआधीच्या पुस्तकांवर ती ठाण मांडून आहेत. पुस्तकावर आहे तसं उतरवायचं की आजच्या नियमानं? एवढ्यावरून सख्ख्या भावांत अबोला झाला. बांधावरून होतो तो समजू शकतो, अनुस्वारावरून?

शकांची गोष्ट तर काढूच नका. शके १८४५ म्हणजे इसवी सन १९२३ की १९२४? चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारी उजाडला की फाल्गुनापर्यंत ७९. पण पुस्तक श्रावणात छापलं की माघात, हे कुणाला विचारायचं? छापणारा केव्हाच कैलासवासी. मग माणसं प्रस्तावनेच्या तळाशी भिंग लावून बसतात. तिथं 'वसंतपंचमी' असं दिसलं, की मध्यरात्री किंकाळी! वसंतपंचमी माघातली, म्हणून ७९, म्हणून १९२४! शेजारी काठ्या घेऊन धावत येतात, खरा प्रकार कळल्यावर काठ्या बाजूला ठेवतात आणि विचारतात, "आमच्याकडं एक शके १८४२ चं हाय, बघतोस का?"

टोपणनावांचं तर विचारू नका. जेल शेजारी असल्यामुळं असेल, पण 'ऊर्फ' या प्रकाराकडं कळंबेकर मुळातच संशयानं बघतात. कविता करताना गोविंदाग्रज, विनोद लिहिताना बाळकराम आणि नाटकाला राम गणेश गडकरी. एकाच माणसाची तीन नावं? हा काय सभ्य माणसाचा कारभार झाला? आरती प्रभूंना बाई समजून इंदिराबाई संतांच्या शेजारी बसवलं, तर ते चिंतामण त्र्यंबक खानोलकर निघाले. 'बी' या एकाक्षरी कवीचं आडनाव गुप्ते, हे हुडकायला अर्धी गल्ली कामाला लागली. आणि बाबूराव अर्नाळकर? हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. नायक झुंजार शेवटच्या पानापर्यंत गुन्हेगार हुडकून काढतो. त्याच पुस्तकाचं पहिलं पान गळालेलं असलं तर प्रकाशनवर्ष कोण हुडकणार? एका घरात तर सगळे अर्नाळकर एकाच लायब्ररीच्या रद्दीतून आणलेले, पहिलं पान एकालाही नाही. तिथली माणसं आता जेवतानाही बोलत नाहीत.

एक पोरगं आयएसबीएनच्या मागं लागलं. पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीनं एक आणि तीननं गुणायचं, बेरीज करायची, आणि तेरावा आकडा मिळवल्यावर तिला दहानं पुरता भाग गेला पाहिजे. त्यानं चार ओळींची आज्ञावली लिहून घरातलं एकेक पुस्तक तपासलं. जिथं बेरीज बसेना तिथं प्रकाशकाला खरमरीत पत्र. याच पोरानं किराण्याचं बिल कधी जोडून बघितलेलं नाही, असं त्याची आई सांगते.

बायका तरी यातून वाचल्या असतील, असं आपल्याला वाटलं होतं. कुठलं! एका वहिनींनी कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'पासून श्रीगणेशा केला. प्रत माहेरची, हळदीच्या बोटांनी पिवळी पडलेली, मुखपृष्ठ नाही, मुद्रणाचं पान नाही. आवृत्ती कितवी? मग भिशीतल्या झाडून सगळ्या मैत्रिणींच्या 'रुचिरा' मागवल्या आणि चिरोट्यांचं पान कितवं ते ताडून बघितलं. चिरोटे केले नाहीत, पान ताडलं! घरात दोन वेळा खिचडी. तिथून गाडी वळली दिवाळी अंकांकडं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांना काय कल्पना, की शंभरावर वर्षांनी कळंब्यात त्याच्या वंशजांवरून दोन जावा भांडतील! एक म्हणते पुस्तक धरा, दुसरी म्हणते नियतकालिक. कळस केला कालनिर्णयनं. १९७३ पासून ते भिंतीवर आहे, पुढं तिथ्या आणि मागं लेख, पाककृती. तर बारा महिन्यांच्या पाठी उलटून लेखकवार सुट्या नोंदी झाल्या. दूधवाल्याचे खाडे मात्र त्या वर्षी कुणी मांडले नाहीत, आणि तो अजून हसत हसत दूध घालतो.

घरची पुस्तकं संपली तेव्हा काहींनी थेट अमेरिका गाठली. 'याझ-क्लायंट' नावाची आणखी एक आज्ञा आहे, तिच्यामार्फत वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सूचीत शिरता येतं, अगदी राजरोस. आणि तिथं निघतात काय, तर आपलीच मराठी पुस्तकं! ती तिकडं गेली कशी? पीएल-४८० चा गहू आठवतोय? अमेरिकेतून आलेला, रेशनवरचा, ज्याला नावं ठेवत ठेवत आपण चपात्या लाटल्या तो. त्या गव्हाचे रुपये अमेरिकेच्या नावानं इथं साठले आणि १९६२ पासून त्यातून भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन तिकडच्या ग्रंथालयांना पोचवली गेली. म्हणजे गहू आपण खाल्ला आणि पुस्तकं त्यांनी नेली. कोण फसलं, सांगा बघू? वर तिथल्या रोमन लिप्यंतरात शेवटच्या अक्षरालाही अ लावायची पद्धत, त्यामुळं आपल्या कॉन्टिनेन्टल प्रकाशनाचं तिथं 'कॉन्टिनेन्टला' झालेलं. कळंब्यात यावर तीव्र संताप व्यक्त झाला. संताप व्यक्त करता करता नोंदी उतरवूनही घेतल्या.

थोरली माणसं म्हणतात, आमच्या वेळी असली थेरं नव्हती. नव्हती? मग शंकर गणेश दाते कोण होते? १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची सूची या माणसानं केली. १९४३ साली ती 'मराठी ग्रंथसूची' म्हणून निघाली. एवढ्यावर समाधान होईल तर तो नाद कसला? १९३८ ते १९५० चा दुसरा खंड १९६१ साली हजर! ना संगणक, ना झेरॉक्स. आज लाइट गेली की इन्व्हर्टरच्या नावानं शंख करणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा. आणि दात्यांच्याही आधी इंग्रज सरकार १८६७ च्या कायद्यानं छापील पुस्तकांच्या तिमाही याद्या करत होतं, लंडनला ब्रिटिश म्युझियमसाठी ब्लूमहार्ट साहेबानं १८९२ साली मराठी-गुजराती पुस्तकांची सूची छापली होती. म्हणजे गोऱ्या साहेबालाही ही बाधा झालेली. आपल्या करवीर नगर वाचन मंदिराचा जन्म १८५० चा. तेव्हापासून कोल्हापुरात कपाटं भरतायत, कुणाला तरी मोजायचा झटका येणारच होता.

दात्यांच्या नावानं तर आता कळंब्यात जुगार चालतो. १९३७ च्या आधीचं एखादं पुस्तक सापडायचं, दाते सूचीत बघायचं, आणि तिथं नसलं की छाती फुगवून म्हणायचं, "दात्यांत न्हाई!" बस्स, त्या दिवशी तो माणूस जमिनीवर चालत नाही. यापायी माळे उपसले गेले, आज्ज्यांच्या ट्रंका फोडल्या गेल्या. कधीकाळी हळदीकुंकवाला वाटलेल्या स्तोत्राच्या चोपड्या, औषधी कारखान्यांच्या जाहिरातवह्या, एका सत्यनारायणाच्या पोथीचे निम्मे पत्रे. आज्जी ओरडतेय, "अरं ती पूजेतली हाय!" नातू विचारतोय, "पूजेतली असू दे, मुद्रक कोण?"

पण स्फोट झाला तो वेगळ्याच ठिकाणी. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून एक जादा खाना निघाला, प्रत कुणाची ते सांगणारा. नुसती हौस म्हणून भरला सगळ्यांनी. आणि मग रेकसेलला सवाल केला, ज्या पुस्तकांवर माझं नाव नाही ती दाखव. दाखवली. पडदा थांबेचना! निम्मं कपाट लोकांचं. कुणाच्या 'स्वामी'वर ग्रंथालयाचा जांभळा शिक्का आणि मागच्या चिठ्ठीवर परतीची तारीख इतकी जुनी, की ज्यानं ती मारली तो ग्रंथपाल निवृत्त होऊन आता बाकावर आकड्यांत बोलतो. कुणाच्या कवितासंग्रहावर वळणदार अक्षरांत 'सप्रेम भेट', खाली नुसतं आद्याक्षर. हे आद्याक्षर या घरातलं नाही! मग कुठलं? कॉलेजच्या दिवसांतलं? नवऱ्याला दरदरून घाम. ग्रंथसूचीनं काडीमोडाची वेळ आणावी, हे दात्यांच्या स्वप्नात तरी आलं असेल का?

त्यात यांनी फायलींची देवघेव सुरू केली. दोन घरांच्या फायली एकाखाली एक जोडायच्या आणि दुबार नोंदी काढायच्या, असा निरागस बेत. जोडल्यावर चोर सापडायला लागले.

"माझं 'श्रीमान योगी' तुझ्या यादीत कसं काय रं?"

"तुझं? नाव लिहिलंय का तुझं?"

"आतल्या पानावर च्याचा डाग हाय."

आणि डाग निघाला की हो! पुस्तकात बघायलाही जावं लागलं नाही. उत्साहाच्या भरात त्या शहाण्यानं शेऱ्याच्या खान्यात स्वतःच लिहून ठेवलं होतं, 'चहाचा डाग, सुमारे रुपयाएवढा'. चोरीचा माल तपशीलवार वर्णन करून ठेवणारा चोर कोल्हापूरच्या इतिहासात दुसरा झाला नसेल. काहींनी रातोरात रेकडेल चालवून बघितलं. पण सगळे एवढे पुढं गेलेले, की प्रत्येकाची फाइल 'गिट'मध्ये. तिथं पुसलेलंही दिसतं, कधी पुसलं ते दिसतं, कुणाच्या नावानं पुसलं तेही दिसतं. मग काय, दोन्ही घरची मंडळी समोरासमोर बसली, रस्सा झाला, आणि पुस्तकं आहेत तिथंच ठेवून फक्त खाना दुरुस्त करायचा असं ठरलं.

एक शंका विचारू? या सगळ्यात पुस्तक वाचतं कोण? ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. पहिलाच असा, की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. चौथा म्हणतो, वाचकाचा वेळ वाचवा. हे कळंब्यात एकाला ऐकवलं, तर तो पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला, "पाचवा कुठला? ग्रंथालय ही वाढणारी संस्था हाय, त्योच न्हवं? आमी पाचव्यावर हाय."

आपण मात्र यातले नाही हं. आपण आपले लांबून मजा बघणारे. आपल्याला कुठली आज्ञा येत नाही, येऊही नये. हो ना? मग परवा दुकानात नवं पुस्तक हातात घेतल्यावर मलपृष्ठ सोडून तुम्ही थेट बारीक अक्षरांचं पान का उघडलंत? अक्षरजुळणी कुणाची हे जाणून तुम्हाला काय करायचं होतं? आणि लॅपटॉप पोराच्या अभ्यासाला म्हणून घेतला होता ना, मग पोरगं झोपल्यावर त्याची टकटक कशी ऐकू येते? परवाच्या लग्नात तर कमालच झाली. नवरी कुठली, नवरा काय करतो, जेवणात काय आहे, काही विचारलं नाहीत. पत्रिका उलटीपालटी केलीत आणि शेजारच्याला म्हणालात, "मुद्रकाचं नाव खाली डाव्या कोपऱ्यात असतंय, हिच्यात दिलं न्हाई." आता हे तुम्हाला कुणी शिकवलं?